वापरात नसलेली नावं

मे महिना. मानेवाडा. कूलरची टिल्लू मोटर
पाणी ओढता ओढता खोकते,
आणि मी लिहिते आहे माहितीपुस्तिका
अशा वाचकासाठी, ज्याला घाम येत नाही.

अवजार साधंच आहे. डोमेनची नावं घेतं, सांभाळतं,
कुठल्या नावाने कुठल्या सर्व्हरकडे बोट दाखवायचं ते बदलतं,
मुदत संपायच्या आत पैसे भरतं.
आधी हे सुमेध गजभिये करायचा,
करताना पुटपुटायचा, मध्येच चहाला जायचा.
आता एजंट करतो.
माझं वाक्य वाचतो आणि निघतो.

म्हणून 'शक्यतो' खोडलं. 'साधारणपणे' खोडलं.
'योग्य वाटल्यास' तर दोनदा खोडलं,
कोणाला काय योग्य वाटेल बाप्पा.

बाबा आर.एम.एस.मध्ये होते.
रात्रीच्या डब्यात उभ्याने पत्रं लावायचे.
'नाना निमजे, विहिरीजवळ, नागपूर'
एवढ्यावर पत्र पोचायचं,
कारण कोणती विहीर ते बाबांना ठाऊक,
ती बुजवल्यावरसुद्धा ठाऊक.
माझ्या वाचकाजवळ विहीर नाही.
नावाच्या शेवटचं टिंब राहिलं
तरी तो भलत्याच दारात जाऊन उभा.

एप्रिलमध्ये कलम सात लिहिलं:
'वापरात नसलेल्या नावांचं नूतनीकरण बंद करावं.'
सहा शब्द. कुठे गाठ नाही. मी खूश.

एजंटने एका रात्रीत एकशे बारा नावं तपासली,
एकोणीस बंद केली, प्रत्येकीपुढे कारण लिहिलं.
चौदावी ओळ: हेडाऊ साडी, गांधीबाग.
संकेतस्थळ रिकामं. भेटी शून्य.

मग दामोदर हेडाऊंचा फोन. आवाज चढलेला नाही.
"मॅडम, पोराच्या पत्त्यावर मेल काऊन जाऊन नाही राहिला जी?"
पोरगा, चेतन, परवाच्या पोळ्याला दोन वर्षं होतील जाऊन.
दुकान मिटलं की ते रोज त्याला हिशेब पाठवतात:
किती करवती गेल्या, उधारी कोणाची,
कोणता विणकर माग विकून सिक्युरिटीत लागला.
"मले मालूम हाये ना, कोणी वाचत नाही.
पण जाते तं खरं."

एजंटला विचारलं.
म्हणाला, कलम सात पाळलं.
म्हणाला, तिथे टपाल येतं हे मला दिसलं होतं,
तुमच्या व्याख्येत ते नव्हतं.

रागवायला जागाच नव्हती. वाक्य माझं.
सवलतीचे तीस दिवस असतात, बावीस उरले होते,
नाव परत मिळालं, दंडाचे पैसे मी भरले
आणि ऑफिसात सांगितलं नाही.

बाबांचं एक राहिलं सांगायचं.
एखादं पाकीट हातात धरून
ते नुसतेच उभे राहायचे म्हणे.
डबा हलतोय, मागे थप्पी वाढतेय,
सोबतचे ओरडताहेत, टाका ना जी कुठल्याही खणात.
हा उभं राहण्याचा वेळ
कुठल्याच नियमपुस्तकात नव्हता.

मी तो आता लिहायला बसले आहे.
कलम सात, मसुदा चौथा.
'भेटी शून्य म्हणजे वापर शून्य नव्हे.
येणारं टपाल मोज. न उघडलेलंही मोज.
शंका आली तर काही बंद करू नकोस,
थांब, आणि माणसाला विचार.'

दहा वाजून दहा मिनिटांनी
नोंदवहीत एक ओळ उमटली: हेडाऊ साडी, पोचलं.
आत काय आहे ते मला दिसत नाही, दिसूही नये.

त्याच्या खाली एजंटचा प्रश्न:
'शंका' या शब्दाची व्याख्या द्यावी.

मोटर बंद पडली आहे. टाकीत पाणी नाही.
मी बादली घेऊन उठते,
आणि नळापाशी, बादली भरून वाहायला लागली तरी,
तशीच उभी.